घराच्या वायरिंगचे काम कुणाला द्यायचे? परवाना विचारण्यात कुणाचाही अपमान नाही

घरकुल मंजूर झाले की आपल्या वस्तीत हिशेब सुरू होतो. पाया, विटा, वाळू, सळई, वर स्लॅब की पत्रा, दरवाजे-खिडक्या. रमाई आवास योजनेचा हप्ता येईल तसे काम पुढे सरकते. सगळ्यात शेवटी, हातातला पैसा संपत आलेला असताना, लाइट फिटिंगची वेळ येते. मग घरातले कुणीतरी म्हणते, "त्यासाठी बाहेरचा माणूस कशाला? गल्लीतला पोरगा करतो की सगळे. आपलाच आहे, चहापाण्यावर करून देईल."

हे बोलणे आपुलकीचे आहे, त्यात वाईट हेतू नाही. पण त्यामुळे दोन जीव धोक्यात येतात. एक त्या घरात पुढची वीस-पंचवीस वर्षे राहणाऱ्यांचा आणि दुसरा त्या पोराचा. म्हणून घरातील विजेचे काम कुणाला द्यावे, त्याला काय विचारावे आणि काम झाल्यावर काय तपासावे, हे तरुणांनी आणि कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यायला हवे. लोक प्रत्येक लहानमोठ्या कामासाठी आपल्याकडेच येतात. या बाबतीतही त्यांना योग्य सल्ला मिळाला पाहिजे.

कायदा काय म्हणतो

वीज कायदा २००३ मधला. त्याखाली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने सुरक्षेचे विनियम केले. ते आधी २०१० मध्ये आले आणि २०२३ मध्ये नव्याने लागू झाले. त्यांचा गाभा सोपा आहे. घरात नवी वायरिंग करणे, असलेली वाढवणे, बदलणे किंवा मोठी दुरुस्ती करणे ही कामे परवानाधारक विद्युत ठेकेदारामार्फतच व्हावीत. त्या कामावर सक्षमता प्रमाणपत्र असलेला पर्यवेक्षक असावा आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्याकडे वायरमनचा परवाना असावा. बल्ब, पंखा, फ्यूज, बटण बदलणे अशा किरकोळ कामांना यातून सूट आहे. म्हणजे ट्यूब बदलायला ठेकेदार बोलवा असे कुणी म्हणत नाही. पण नवीन पॉइंट काढणे, गीझरची लाइन ओढणे, मीटरपासून बोर्डापर्यंतची वायर बदलणे ही किरकोळ कामे नाहीत.

महाराष्ट्रात हे परवाने अनुज्ञापक मंडळ देते. जिल्ह्यात चौकशी करायची असेल तर विद्युत निरीक्षकाचे कार्यालय असते. हे कार्यालय महावितरणचे नाही, राज्य शासनाचे आहे. हा फरक आपल्या बहुतेक कार्यकर्त्यांनाही ठाऊक नसतो.

आणखी एक गोष्ट. आयटीआयमध्ये वीजतंत्री आणि तारतंत्री असे दोन वेगवेगळे दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. ते पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र ही शिक्षणाची पावती झाली. वायरमनचा परवाना त्यानंतर वेगळा अर्ज करून घ्यावा लागतो. "मी आयटीआय केलंय" असे कुणी म्हणाला तर त्याने अर्धी वाट चालली आहे, एवढेच समजावे.

हे सगळे कागदी वाटेल. पण मीटरपर्यंतच्या यंत्रणेची जबाबदारी वीज कंपनीची असते आणि मीटरनंतरची ग्राहकाची. घरात शॉक लागून कुणी दगावले तर विद्युत निरीक्षक चौकशी करतो आणि दोष कुठे होता ते अहवालात लिहितो. दोष घरातील वायरिंगमध्ये निघाला तर वीज कंपनीकडून भरपाई मिळवणे फार कठीण जाते. ज्याने ते काम केले त्याचे नाव कुठल्याही कागदावर नसते. मग कुटुंब कुणाकडे बोट दाखवणार?

एमसीबी तारेला वाचवते, माणसाला नाही

"आमच्याकडे एमसीबी आहे, काही होत नाही," हे आपण सर्रास ऐकतो. हा समज आधी दूर करायला हवा.

आपल्या घरात २३० व्होल्टची वीज येते. भिजलेल्या माणसाच्या शरीराचा विरोध साधारण १००० ओहम धरतात. म्हणजे त्याच्या अंगातून साधारण २३० मिलिअँपिअर प्रवाह जाऊ शकतो. हृदयाची लय बिघडायला याहून पुष्कळ कमी प्रवाह पुरतो. आता लाइटच्या लाइनवरची एमसीबी असते ६ अँपिअरची, म्हणजे ६००० मिलिअँपिअरची. २३० मिलिअँपिअर म्हणजे तिच्या दृष्टीने एका पंख्याइतकाही बोजा नाही. माणूस तारेला चिकटलेला असतो आणि एमसीबी चालूच राहते. ती बसवलेली असते ती वायर तापून घर पेटू नये म्हणून.

माणसाला वाचवणारे उपकरण वेगळे आहे. त्याला आरसीसीबी म्हणतात. बाजारात जुन्या सवयीने ईएलसीबी असेही म्हणतात. फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह हे उपकरण सतत ताडून पाहते. दोन्ही सारखे असतील तर सर्व ठीक. थोडा प्रवाह वाटेत कुणाच्या अंगातून जमिनीत गेला तर हिशेब जुळत नाही आणि क्षणार्धात लाइन तुटते. घरासाठी ३० मिलिअँपिअरचे घ्यावे. दोन-तीन हजारांच्या आसपास मिळते. घरकुलाच्या एकूण खर्चात ही रक्कम मोठी नाही, पण यादीत कुणी लिहितच नाही.

अनाडी माणूस ओळखायची एक खूण इथेच मिळते. एमसीबी सारखी पडते अशी तक्रार केली की तो लगेच मोठ्या अँपिअरची बसवून देतो. दीडच्या वायरवर ३२ अँपिअरची एमसीबी बसली की आधी वायर जळते, एमसीबी जागची हलत नाही. आणि आरसीसीबी पडत असेल तर तो "ही खराब आहे" म्हणून काढूनच टाकतो. प्रत्यक्षात कुठेतरी गळती आहे, एवढेच ती सांगत असते. जाणकार माणूस आधी ती गळती शोधतो.

तिसऱ्या पिनचे गौडबंगाल

थ्री पिन सॉकेटमधले वरचे मोठे भोक अर्थिंगचे. फ्रिज, कूलर, वॉशिंग मशीन, इस्त्री, मोटर यांचा पत्रा या पिनेला जोडलेला असतो. आत वायर सुटून पत्र्याला टेकली तर प्रवाह अर्थिंगच्या वाटेने जमिनीत जावा, माणसाच्या अंगातून जाऊ नये, ही त्यामागची कल्पना.

आपल्या वस्त्यांमधल्या कितीतरी घरांत हे भोक फक्त शोभेला असते. मागे वायरच नसते. त्याहून धोक्याचा प्रकार म्हणजे अर्थिंगचा खर्च वाचवण्यासाठी सॉकेटच्या मागे न्यूट्रलचा तुकडा अर्थच्या पिनेला जोडून देणे. टेस्टर लावला, बल्ब लावला, सगळे ठीक दिसते. पण पुढे कधी मुख्य न्यूट्रल तुटली की फ्रिजच्या, कूलरच्या अंगात सरळ फेज येते. घरातल्या प्रत्येक पत्र्याच्या वस्तूत एकाच वेळी. असे काम करून देणाऱ्याला पुन्हा दारात उभे करू नये.

विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात कूलर हे गरिबाचे एसी असते. लोखंडी पत्रा, आत पाणी, खाली ओली फरशी, त्यात अनवाणी पायाने पाणी भरणारी घरातली बाई किंवा शाळकरी पोर. अर्थिंग आणि आरसीसीबी दोन्ही नसतील तर दर उन्हाळ्यात पाणी भरताना जीव टांगणीला असतो. पत्र्याच्या घरांत आणखी एक धोका आहे. सर्व्हिस वायरचे कव्हर उन्हाने फाटते, वायर पत्र्याला घासते आणि पत्र्याच्या अँगलला बांधलेल्या कपडे वाळत घालायच्या तारेत प्रवाह उतरतो. पावसाळ्यात ओले कपडे टाकताना शॉक लागून मृत्यू झाल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्या बहुतांश अशाच घरांमधल्या असतात. म्हणून पत्र्याच्या घरात वायर पत्र्यातून आत घेताना पाइप हवाच. आणि कपड्यांसाठी तार नको, नायलॉनची दोरी बांधावी.

काम देण्याआधी काय विचारावे

पहिला प्रश्न: परवाना दाखवता का? वायरमनच्या परवान्यावर त्याचे नाव, क्रमांक आणि मुदत असते. मुदत संपलेली नाही ना ते पाहावे. ठेकेदाराचा परवाना वेगळा, तोही पाहावा. ठेकेदाराकडे परवाना आहे आणि कामावर येणारी मुले मात्र कुणीही, असे चालत नाही. डॉक्टरच्या भिंतीवरचे प्रमाणपत्र आपण पाहतो, गाडी चालवणाऱ्याला लायसन्स विचारतो. मग वायरमनलाच विचारताना संकोच कशाला? ज्याच्याकडे परवाना आहे तो तो आनंदाने दाखवतो, कारण त्यासाठी त्याने कष्ट केलेले असतात.

दुसरा प्रश्न: कुठल्या लाइनला कुठली वायर टाकणार? साधारणपणे दिवे-पंख्याला दीडची, १६ अँपिअरच्या सॉकेटला अडीचची आणि गीझर-एसीसारख्या मोठ्या बोजाला चारची वायर लागते. दोन किलोवॉटचा गीझर जवळपास ९ अँपिअर घेतो. तो दिव्याच्या लाइनवरून काढलेल्या पॉइंटवर चालवला तर वायर आतल्या आत भाजत राहते. "सगळीकडे एकच वायर टाकू" असे म्हणणाऱ्याला तिथेच थांबवावे.

तिसरा प्रश्न: अर्थिंग कुठे आणि कसे करणार? नळाच्या पाइपला जोडून देतो, हे उत्तर चालणार नाही. घरासाठी जमिनीत स्वतंत्र अर्थिंग हवे आणि तिथून प्रत्येक थ्री पिन सॉकेटपर्यंत हिरवी वायर जायला हवी.

चौथा: सामानाची यादी आणि मजुरी लिहून द्या. आपल्याकडे मजुरी बहुधा पॉइंटच्या हिशेबाने ठरते. किती पॉइंट, काय दर, सामान कुणी आणायचे, वायरवर आयएसआयची खूण असेल ना, हे कागदावर घ्यावे. शेवटचा हप्ता तपासणी झाल्यावर द्यायचा, हेही आधीच ठरवावे.

इथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. परवानाधारक माणसाची मजुरी थोडी जास्त असते. त्यात त्याचे शिक्षण, त्याची हत्यारे आणि त्याची जबाबदारी येते. कष्टाला योग्य दाम मिळावा म्हणून आपण मोर्चे काढतो आणि आपल्याच घरी काम करणाऱ्याशी शंभर-दोनशे रुपयांसाठी घासाघीस करतो, हे बरे नाही. दर पाडला की तो वायर बारीक टाकतो किंवा अर्थिंग गाळतो. नुकसान शेवटी आपलेच.

काम झाल्यावर काय तपासावे

वायरमन निघून जाण्याआधी त्याच्याकडून चार गोष्टी समोर करून घ्याव्यात. स्वतः बोर्ड उघडायचा नाही.

एक, बटण फेजवर आहे का. बटण बंद केल्यावर होल्डरमध्ये टेस्टर लागता कामा नये. बटण न्यूट्रलवर बसवले असेल तर दिवा विझतो, पण होल्डर जिवंतच राहतो. पुढे बल्ब बदलताना माणूस फसतो.

दोन, अर्थिंग खरे आहे का. प्रत्येक थ्री पिन सॉकेटमध्ये अर्थची वायर थेट अर्थिंगपर्यंत गेलेली आहे, न्यूट्रलला जोडलेली नाही, हे त्याने मोजून दाखवावे.

तीन, आरसीसीबीवरचे टेस्टचे बटण दाबावे. लगेच लाइन गेली पाहिजे. हे बटण पुढे महिन्यातून एकदा घरच्यांनीही दाबून पाहावे. घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुलामुलीकडे हे काम सोपवले तर ते विसरत नाहीत.

चार, मेगरने इन्सुलेशन तपासावे. वायरच्या आवरणाचा विरोध एक मेगाओहमपेक्षा कमी भरता कामा नये. ज्याला मेगर माहीत नाही किंवा कुठून आणताही येत नाही, त्याला पूर्ण घराचे वायरिंग द्यायचे का, याचा विचार आधीच करावा.

शेवटी, कुठली एमसीबी कुठल्या खोलीची, हे बोर्डाच्या झाकणावर मराठीत लिहून घ्यावे. अपघाताच्या क्षणी आजीलाही मुख्य बटण सापडले पाहिजे.

टेस्ट रिपोर्ट म्हणजे नुसती सही नव्हे

१४ एप्रिल २०२१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवन प्रकाश योजना सुरू झाली. अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबांना प्राधान्याने घरगुती वीजजोडणी देणारी ही योजना. ५०० रुपये अनामत आणि तीही पाच हप्त्यांत भरण्याची सोय, हे कार्यकर्त्यांनी वस्त्यांमध्ये पोहोचवले. पण अर्जाच्या कागदपत्रांमध्ये आणखी एक अट होती, तिच्याकडे लक्ष कमी गेले. शासनमान्य विद्युत ठेकेदाराचा वीज मांडणीचा चाचणी अहवाल. नवीन जोडणीसाठी एरवीही हा टेस्ट रिपोर्ट लागतोच.

हा अहवाल म्हणजे एका जाणकाराने घरी येऊन, उपकरणे लावून, "ही मांडणी सुरक्षित आहे" असे लिहून देणे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी घर न पाहताच सही-शिक्का मिळतो आणि पैसे देऊन काम झाल्याचे समाधान आपण मानतो. इथे आपण आपलाच हक्क विकत असतो. गरिबाच्या घरात जाणकार माणूस एकदा तरी यावा, याची सोय नियमाने केलेली आहे. ठेकेदाराने फी घेतली आहे तर त्याने घरी यावे, मेगर लावावा, अर्थिंग मोजावे, असा आग्रह कार्यकर्त्याने धरायला हवा. अर्ज भरून देणे हे निम्मे काम झाले.

मग गल्लीतल्या पोराचे काय?

हा प्रश्न आमच्या मते सर्वात महत्त्वाचा आहे. परवान्याचा आग्रह धरा म्हणजे त्या पोराला हाकलून द्या, असे आम्ही म्हणत नाही. तो बहुधा हुशार असतो. शाळा सुटलेली, कुणाच्या तरी हाताखाली दोन-तीन वर्षे काढलेली, टेस्टर आणि पकड एवढ्या भांडवलावर घर चालवणारा. त्याच्या हातात कसब असते, पण पाठीशी कागद नसतो. म्हणून त्याला ना धड मजुरी मिळते, ना हातमोजे, ना विमा. अपघात झाला तर तो फक्त "एक तरुण" म्हणून बातमीत येतो.

खेड्यापाड्यांत याच वाटेने पुढे "झिरो वायरमन" तयार होतो. नेमलेल्या लाइनमनऐवजी हा खांबावर चढतो. हजेरीपटावर त्याचे नाव नसते, पगार वरकड मिळतो आणि खांबावरून पडला किंवा चिकटला तर तो तिथे का चढला होता, असा प्रश्न त्याच्याच घरच्यांना विचारला जातो. पिढ्यान्‌पिढ्या जोखमीची आणि बिनकागदाची कामे आपल्याच वाट्याला आली. विजेच्या खांबावर तीच रीत पुन्हा चालू द्यायची का?

त्याला कागद मिळवून देणे, हाच यावरचा मार्ग. दहावी झाली असेल तर आयटीआयचा वीजतंत्री किंवा तारतंत्री अभ्यासक्रम. मुलींनीही तो जरूर करावा. आयटीआय झालेले असेल पण परवाना काढला नसेल तर अर्ज भरायला मदत. वर्षानुवर्षे काम केलेल्यांसाठी परीक्षेची वाट आहे का, अनुभवाचा दाखला कसा लागतो, हे विद्युत निरीक्षक कार्यालयात जाऊन विचारावे. तोपर्यंत त्याने परवानाधारकाच्या हाताखाली काम करावे, एकट्याने घर घेऊ नये. मग "आपलाच पोरगा आहे, त्यालाच काम देऊ" असे आपण अभिमानाने म्हणू शकू.

बाबासाहेब आणि वीज

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम सदस्य होते. वीज हा विषयही त्यांच्याच खात्याकडे होता. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी दिल्लीत वीज धोरण समितीच्या बैठकीत अध्यक्ष म्हणून बोलताना त्यांनी विजेचा संबंध थेट गरिबीशी जोडला. उद्योग वाढले तरच गरिबीच्या चक्रातून लोक सुटतील आणि त्यासाठी वीज स्वस्त व मुबलक हवी, अशी ती मांडणी होती. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले ते त्यांच्याच कार्यकाळात. पुढे १९४८ च्या वीज पुरवठा कायद्याने केंद्रीय विद्युत प्राधिकरण आणले. आज घरातील वायरिंगचे नियम करते ते हेच प्राधिकरण. युद्धकाळात कामगारांना तांत्रिक प्रशिक्षण देण्याची योजनाही श्रम खात्याचीच होती. म्हणजे वीज आणि प्रशिक्षित कामगार, दोन्हींचा विचार त्यांनी एकाच खात्यातून केला.

तथागतांच्या अखेरच्या उपदेशात भर आहे तो अप्रमादावर. अप्रमाद म्हणजे बेसावध न राहणे. "आजवर काही झाले नाही, पुढेही होणार नाही" हा प्रमादच. पहिले शील आपण रोज घेतो. जीव वाचवण्याची व्यवस्था करणे हा त्याचाच भाग आहे.

मंडळांनी काय करावे

हे काम मोठ्या निधीचे नाही. वस्तीतल्या आणि आसपासच्या परवानाधारक वायरमनची यादी करून विहाराच्या फलकावर लावावी. सुरुवात विहारापासूनच करावी: तिथे आरसीसीबी आहे का, अर्थिंग आहे का, ते पाहावे. जयंतीच्या रोषणाईला आकडा न टाकता महावितरणकडून तात्पुरती जोडणी घ्यावी आणि ते काम परवानाधारकालाच द्यावे. पंचशील ध्वजासाठी लोखंडी पाइप असेल तर वरून जाणाऱ्या तारांपासून तो दूर ठेवावा.

शॉक लागलेल्या माणसाला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करायचा, ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला सोडवायचे, श्वास थांबला असेल तर छातीवर दाब द्यायचा आणि १०८ ला फोन करायचा, हे एका रविवारी वंदनेनंतर सर्वांना शिकवता येईल. तार तुटून पडली असेल तर जवळ न जाता १९१२ वर महावितरणला कळवावे.

आणि यंदा वस्तीत ज्यांचे घरकुल उभे राहते आहे, त्यांच्या खर्चाच्या यादीत अर्थिंग, आरसीसीबी आणि परवानाधारकाची मजुरी या तीन ओळी आजच लिहून द्याव्यात. शेवटी पैसे उरले तर बघू, असे म्हणत बसलो तर ते कधीच उरत नाहीत.

जय भीम, नमो बुद्धाय.